पाव तिकीट

१६३० मध्ये गुजरात आणि खानदेशात पाऊस पडलाच नाही. शाहजहान त्या वेळी आमच्या बऱ्हाणपुरात मुक्काम ठोकून होता. मोगल सरदार खानजहान लोदीचं बंड मोडायचं होतं आणि निजामशाही गिळायची होती. त्याच हिवाळ्यात पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला आणि वाटेवर पडलेल्या प्रेतांची वर्णनं लिहून ठेवून गेला. बादशाहनाम्याचा कर्ता अब्दुल हमीद लाहोरी सांगतो, की बादशहानं बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेच्या मुलखात लंगर उघडायला लावले. शिवाय तो बऱ्हाणपुरात असेपर्यंत दर सोमवारी ५,००० रुपये लायक गरिबांना वाटायचे, असा हुकूम सुटला. सोमवारच का, तर तो त्याच्या राज्यारोहणाचा वार. वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले.

शाही किल्ल्यातले गाइड मुमताजचा हमाम दाखवतात. १६३१ च्या जूनमध्ये ती इथंच बाळंतपणात गेली हे सांगताना आवाज खाली आणतात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. सोमवारच्या पाच हजारांविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. मी इतिहास शिकवायचे तेव्हा वर्गात ते मुद्दाम सांगायचे. मग विचारायचे, की शहर भुकेल्यांनी भरलेलं, रक्कम ठरलेली, तर लायक कोण आणि कोण नाही, हे किल्ल्याच्या दारात ठरवत कोण असेल? मुलं म्हणायची, कोतवाल. एक जण मागच्या बाकावरून म्हणाला होता, "मॅडम, जिसकी पहचान होगी, वो." लाहोरीनं लिहिलं नाही ते त्या पोरानं एका वाक्यात सांगितलं.

ह्या प्रश्नात मला एवढा रस असायला कारण आहे. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, काखेत कुबडी, आणि पर्समध्ये लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. लायक असल्याचा पुरावा खिशात घेऊन फिरणाऱ्या जमातीतली मी.

आमचं स्टेशन गावात नाही, लालबागला आहे. पूर्वी टांग्यानं जायचं, मग रिक्षा आल्या. रेल्वेची सवलत मात्र लालबागच्या खिडकीवर सुरू होत नसे, ती खंडव्याला सुरू व्हायची. बऱ्हाणपूर जिल्हा झाला २००३ साली. त्याआधी आम्ही पूर्व निमाडात, आणि जिल्ह्याची सगळी कामं खंडव्याला. म्हणजे पाव तिकिटाचा कागद मिळवायला आधी खंडव्याचं पूर्ण तिकीट काढायचं, माझं आणि बाबांचं.

नियम असा होता, आणि अजूनही जवळपास तसाच आहे. हातापायानं अधू असलेल्या प्रवाशाला साध्या आणि स्लीपरच्या डब्यात भाड्यात ७५ टक्के सूट, आणि त्याच्या सोबत्यालाही तेवढीच. सोबत्याला रेल्वेच्या भाषेत एस्कॉर्ट. पूर्ण अंध माणूस एकटा जात असला तरी त्याला सवलत मिळते. पायानं अधू माणसाच्या बाबतीत मात्र डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं, की ही व्यक्ती सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, "कॉलेज अकेली जाती हो?" मी अभिमानानं "हाँ" म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. बाबा घाईघाईनं म्हणाले, नाही हो साहेब, कुणी ना कुणी सोडायला असतंच. पेन परत उचललं गेलं. मी एकटीनं जिने चढून शिकले ते कागदावर पुसलं गेलं आणि त्या बदल्यात मला पाव तिकीट मिळालं. गैरवापर करणाऱ्यांविषयी मी पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे लक्षात असू द्यावं: खरा माणूससुद्धा त्या खिडकीशी थोडं वाकवलेलं सत्य घेऊनच पोचतो, कारण नियमच तसं मागतो.

सर्टिफिकेट आलं आणि नातेवाइकांच्या मायेला पूर आला. माझा एक मामा दर उन्हाळ्यात "पोरीला देव दाखवून आणतो" म्हणायचा. शेगाव झालं, नाशिक झालं, कुर्डुवाडीमार्गे पंढरपूर झालं. मामा एस्कॉर्ट. मला उचलून डब्यात चढवायचा, खिडकीशी बसवायचा, पाण्याची बाटली भरून द्यायचा आणि पुढच्या डब्यात पत्ते कुटायला निघून जायचा. टी.सी. आला की मी सांगायचे, मामा आत्ताच बाथरूमला गेलाय. ह्याला लबाडी म्हणावं का, हे मला आजही ठरवता येत नाही. मामानं मला उचललं नसतं तर मी पंढरपूर पाहिलं नसतं. आणि मी नसते तर मामानंही पाहिलं नसतं, खिशाला परवडलंच नसतं.

दुसरी गोष्ट ठरवायला सोपी आहे. गल्लीतल्या एका व्यापाऱ्याच्या बायकोला मुलीच्या लग्नाचा बस्ता काढायला मुंबईला जायचं होतं. ती आईकडे आली. म्हणाली, पोरीला पाठवा माझ्यासोबत, तिचं तिकीट मीच काढीन, वर एक साडी घेईन. आईला आधी गहिवरून आलं. मग तिनं हिशेब केला. एका माणसाचं पूर्ण तिकीट एक. माझं पाव आणि बाईंचं पाव मिळून अर्धं. मला फुकट नेऊनही बाईंचं अर्धं तिकीट वाचत होतं, त्यातच साडी निघत होती. आई म्हणाली, तिची परीक्षा आहे. परीक्षा नव्हती.

ही युक्ती आपल्याकडेच निघते असं मला बरीच वर्षं वाटायचं. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्क पोस्ट ह्या दैनिकानं बातमी छापली, की मॅनहॅटनमधली काही गर्भश्रीमंत कुटुंबं फ्लॉरिडाच्या डिस्ने वर्ल्डला जाताना अपंग गाइड भाड्यानं घेतात. तासाला १३० डॉलर, आठ तासांच्या दिवसाला १,०४०. त्या वेळी डिस्नेत अपंग पाहुण्याला एक कार्ड मिळायचं, आणि ते असलं की त्याच्यासकट सगळ्या कुटुंबाला झोपाळ्यांच्या नि घसरगुंड्यांच्या लांबलचक रांगांना वळसा घालून आत जाता यायचं. गाइडबाई विजेवरच्या गाडीत बसायच्या, मागे लेकरं, लेकरांमागे आईबाप. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्यानं ती बातमी मला फोनवर वाचून दाखवली आणि हसत म्हणाला, "मावशी, तू इथं असतीस तर लखपती झाली असतीस." मला एका साडीचा भाव आला होता हे मी त्याला सांगितलं नाही.

डिस्नेनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ९ ऑक्टोबर २०१३ पासून जुनं कार्ड बंद. नवी पद्धत आली: अपंग पाहुण्यानं खेळापाशी यायचं, रांगेत जेवढा वेळ लागला असता साधारण तेवढ्यानंतरची वेळ लिहून घ्यायची आणि तेव्हा परत यायचं. भाड्याच्या गाइडांचा धंदा बसला. आणि ज्यांची मुलं ऑटिझममुळे थांबू शकत नाहीत, ठरलेला क्रम मोडला की कोलमडतात, अशी कुटुंबं २०१४ मध्ये कोर्टात गेली. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०२० मध्ये निकाल डिस्नेच्या बाजूनं लागला. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले. आता ही सोय मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वासाठी राहिली, पडद्यावर मुलाखत द्यावी लागते आणि खोटं बोलल्याचं आढळलं तर कायमची बंदी. चोरी केली मॅनहॅटनवाल्यांनी, मुलाखतीला बसली ऑटिझमवाल्या मुलांची आई.

हे चक्र बऱ्हाणपूरला नवं नाही. आमच्या गावात चारशे वर्षांपूर्वी मोगलांच्या दख्खन फौजेचं ठाणं होतं, आणि जिथं फौज तिथं हजेरीपट. मनसबदारानं इतके स्वार ठेवायचे, त्यांचा पगार सरकारातून घ्यायचा. इतिहासकार बदाऊनीनं अकबराच्या काळातल्या हजेरीचं वर्णन केलंय: अमीर लोक विणकर, पिंजारी, सुतार अशांना शिपायाचे कपडे चढवायचे, उसन्या घोड्यांवर बसवायचे, हजेरी संपली की घोडा मालकाकडे आणि माणूस मागावर. ह्यावर तोड म्हणून घोड्याला डाग द्यायचा आणि शिपायाचा चेहरा, म्हणजे रंग, व्रण, तीळ, कागदावर उतरवायचा नियम झाला. तरी चाललंच. बदाऊनी म्हणतो, बादशहानं काहींना कपड्यांनिशी तराजूत घालून वजन करवलं, नंतर कळलं की कपडेसुद्धा भाड्याचे होते. अकबर त्यावर चिडला नाही. आपल्याला सगळं दिसतंय, पण ह्यांनाही पोट आहे, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. मला हा अकबर आवडतो. माझ्या मामाला तो लगेच ओळखला असता.

अकबराचा दरबारी अबुल फजल मात्र इतका सैल नव्हता. असीरगडच्या वेढ्याच्या वेळी तो ह्याच मुलखात कारभार पाहत होता. आइन-ए-अकबरीत त्यानं सरकारी मदत कुणाला द्यावी ह्याचे चार वर्ग सांगितलेत: विद्या मिळवणारे, संसार सोडलेले, कमावण्याची ताकद नसलेले दुबळे आणि गरीब, आणि कुलीन घराण्यातले, ज्यांना कामधंदा कसा करावा हेच कळत नाही. तिसऱ्या वर्गात मी, चौथ्यात मनगटात बळ असलेले खानदानी लोक, आणि दोघं एकाच दाराशी. ह्या मदतीच्या जमिनी लोकांनी लाटल्यावर हुकूम निघाला, की पाचशे बिघ्यांहून जास्त ज्याच्याकडे असेल त्यानं फर्मान घेऊन स्वतः बादशहापुढे हजर व्हावं, नाहीतर जमीन जप्त. स्वतः हजर व्हावं, हे शब्द मला फार ओळखीचे आहेत.

आता बऱ्हाणपूरची खास गोष्ट. औरंगजेबानं १६७९ मध्ये बिगर-मुसलमानांवर जिझिया कर पुन्हा बसवला. त्यातून स्त्रिया, चौदा वर्षांखालची मुलं आणि गुलाम सुटले. आंधळे, पांगळे आणि वेडे यांनी श्रीमंत असतील तरच भरायचा. म्हणजे अपंगत्व आणि उत्पन्न, दोन्ही तपासायचं. आजच्या कुठल्याही फॉर्मवर हे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. इतिहासकार खाफी खान सांगतो, की बऱ्हाणपूरला जिझियाचा अमीन, म्हणजे वसुली अधिकारी, म्हणून मीर अब्दुल करीम आला. आधीच्या वर्षी सगळ्या शहरातून २६,००० रुपये जमा झाले होते. ह्यानं तीन महिन्यांत निम्म्याच शहरातून १,०८,००० ठरवले. शहर एका वर्षात काही श्रीमंत झालं नव्हतं. उलट त्याच सुमारास, १६८१ च्या सुरुवातीला, मराठ्यांचे सेनापती हंबीरराव मोहित्यांनी बऱ्हाणपूरचा बहादूरपुरा लुटून साफ केला होता. आमच्या घरी ती स्वारी मोठ्या चवीनं सांगितली जायची. मग वाढ आली कुठून? माझं मत असं, की वाढ सुटलेल्या नावांतून आली. पहिल्या वर्षी ज्यांची ओळख होती ते सुटले होते. दुसऱ्या वर्षी अमीन कडक निघाला, आणि कडक अमीन पांगळ्याला सोडतो असं मी तरी कुठं पाहिलं नाही. कर ज्याचा त्यानं स्वतः येऊन भरायचा, असाही दंडक होता.

इथं एक उलटी बाजू आहे, तिचा विसर पडू नये. घरच्या वाटणीत अपंग असण्याचा तोटाच व्हायचा. याज्ञवल्क्य स्मृतीप्रमाणे आंधळ्याला, पांगळ्याला, वेड्याला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नाही, फक्त अन्नवस्त्र. इंग्रजांच्या कोर्टांनी हे उचललं, फक्त आंधळेपण, पांगळेपण जन्मजात असावं असं धरलं. त्यामुळे त्या काळात धडधाकट माणूस स्वतःला पांगळा म्हणवून घेत नसे, तो भावाला पांगळा ठरवत असे. आमच्या घराण्यात पणजोबांचा एक भाऊ लहानपणी चिंचेवरून पडून लंगडा झाला होता. वाटणीच्या कागदात तो जन्मतः लंगडा झाला. आजी ही गोष्ट सांगताना चिंच दाखवायची. कागद कुणी पाहिला नव्हता, चिंच होती. १९२८ च्या कायद्यानं जन्मजात वेडेपणा सोडून बाकी सगळी अपंगत्वं वारसाहक्काच्या आड येईनाशी केली. तोवर त्या चुलत पणजोबांनी भावांच्या ओसरीवर बसून आयुष्य काढलं होतं.

पुढे १९९५ चा कायदा आला, मग २०१६ चा. सात अपंगत्वांची एकवीस झाली, चाळीस टक्क्यांची रेघ ओढली गेली, नोकरीत आरक्षण आलं, आणि कागदाला भाव आला. रेल्वेच्या पाव तिकिटासाठी कुणी डॉक्टरला फारसे पैसे चारत नाही. नोकरीसाठी चारतात. २०२३ मध्ये आमच्याच मध्य प्रदेशात मुरैना जिल्ह्यात शिक्षकभरतीतली बनावट अपंगत्व प्रमाणपत्रं उघडकीला आली, गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी बीड जिल्हा परिषदेनं पन्नासच्या वर शिक्षक निलंबित केले. त्यांनी बदलीत सोयीचं गाव मिळावं म्हणून अपंगत्व दाखवल्याचा ठपका होता. अपंगत्वाच्या कारणानं बदलीचा अर्ज भरण्याला महाराष्ट्रातले शिक्षक "संवर्ग एकमधून भरणं" म्हणतात. २०२४ मध्ये पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं. ते कोर्टात आहे, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही. २०१६ च्या कायद्यात कलम ९१ आहे: अपंगांचा लाभ लबाडीनं घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ह्या कलमाला घाबरलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

मधल्या काळात आमच्या घरात माझा भाव पुन्हा वाढला. मार्च २०२० मध्ये रेल्वेनं ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली, ती आजतागायत आलेली नाही, अपंगांची राहिली. साठी उलटलेल्या मावसभावांना एकाएकी माझी आठवण यायला लागली. काशीला चल, म्हणतात. महानगरीनं थेट जाता येतं.

माझी एक मैत्रीण रावेरकडची, जिल्हा परिषदेची शिक्षिका. लहानपणी बसखाली सापडून तिचा उजवा पाय गुडघ्यावरून गेला. बोगस शिक्षकांची प्रकरणं निघाली तशी तिलाही नोटीस आली, की फेरतपासणीसाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या रुग्णालयात समक्ष हजर व्हा. पाय पुन्हा फुटलाय का, हे पाहायचं असावं. सोबत मी गेले. अपंगांचा डबा गाडीच्या पार टोकाला, गार्डाच्या डब्याला लागून, तिथवर दोघी चालत गेलो. आत दूधवाल्यांच्या बरण्या होत्या आणि बाकांवर सहा-सात धट्टेकट्टे पुरुष. एकानं उठून जागा दिली, बाकीच्यांनी मोबाइल जरा जवळ धरले. तपासणीत डॉक्टरांनी तिला नकली पाय काढून दाखवायला सांगितला, तिनं दाखवला, त्यांनी सही केली, त्याला दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांसाठी आम्ही सकाळपासून तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. लिफ्ट बंद होती.

परतीच्या गाडीतही अपंगांच्या डब्यात तसेच सहा धट्टेकट्टे पुरुष बसले होते. टी.सी. आला. तिकीट एकच, अपंग प्रवासी एक, एस्कॉर्ट एक. त्यानं माझी कुबडी पाहिली, तिचा पाय पाहिला.

"यात एस्कॉर्ट कोण?"

तिनं माझ्याकडे बोट केलं, मी तिच्याकडे. तो बुचकळ्यात पडला. दोघींना हसू आवरेना. एस्कॉर्ट धडधाकट असावा लागतो, असं तो म्हणाला. मैत्रीण म्हणाली, मग ह्या सहा जणांतला एखादा लिहून घ्या, ते तसेही आमच्याच डब्यात बसलेत. त्यानं तिकीट परत दिलं आणि त्या सहांकडे वळला. त्यांच्याकडे जनरलची तिकिटं होती, एकाकडे तेही नव्हतं. पुढच्या स्टेशनवर तो त्यांना उतरवणार होता, पण गाडी तिथं थांबलीच नाही.